डावा आरसा

काकांच्या स्कूटरचा डावा आरसा गणपतीत फुटला आणि नवा बसला तेव्हा तुळशीचं लग्न उरकलं होतं. मधे पितृपक्ष, नवरात्र, दसरा, दिवाळी सगळं येऊन गेलं. तेवढ्या काळात गिरगावातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसाने पुतणीचं लग्न जमवलं असतं, वर माळ्याला रंग काढला असता. काकांनी आरसा निवडला.

फुटण्याची गोष्ट साधी आहे. आमची वाडी रुंदीला एवढीच की दोन स्कूटरी समोरासमोर आल्या तर एकाने जिन्याच्या पायरीवर पाय टेकून दुसऱ्याला वाट द्यायची. मखराचं सामान घेऊन टेम्पो मागे येत होता. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे," म्हणणारी चार माणसं होती आणि चारही माणसं टेम्पोच्या उजव्या अंगाला उभी होती. डाव्या अंगाला काकांची अ‍ॅक्टिवा होती.

काका चिडले नाहीत. काचेचे तुकडे त्यांनी वेचले, वर्तमानपत्रात बांधले, पुड्यावर ठळक अक्षरात 'काच' लिहिलं आणि मगच तो कचऱ्यात टाकला. दांडी मात्र ठेवून घेतली. "दांडी चांगली आहे," म्हणाले. दांडी ठेवून घेतली म्हटल्यावर प्रकरण लांबणार हे वाडीला कळून चुकलं.

अशी माणसं तुमच्याकडेही असणारच. परळला माझ्या मावसभावाच्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत, ते नळाची तोटी निवडतात. दादरच्या एका मावशींनी कुकरच्या शिट्टीसाठी रानडे रोडची दोन्ही अंगं पालथी घातली. लालबागच्या मिरची गल्लीत एप्रिल-मेमध्ये उभे राहा. बेडगी मिरची मोडून, हुंगून, उन्हात धरून, दुकानदाराला तिच्याबद्दल चार नव्या गोष्टी सांगून रिकाम्या पिशवीने घरी जाणारे दिसतील. घराणं एकच. ही माणसं कंजूष नसतात, हे आधी सांगितलं पाहिजे. आरसा दोन-अडीचशे रुपयांचा. तो बघायला बरोबर आलेल्या प्रत्येकाला काकांनी पियुष पाजलं, त्यातच आरशाची जोडी आली असती.

पहिली पायरी अभ्यासाची. काका सकाळी दूध आणायला निघाले की गल्लीत लावलेल्या गाड्यांचे आरसे बघत जायचे. नुसते बघत नसत. रुमालाने पुसायचे, नखाने टक टक करायचे, गुडघ्यात किंचित वाकून सीटवर बसल्याचा अंदाज घ्यायचे, मान डावीकडे-उजवीकडे न्यायची. आरसा त्यांच्या मते चुकीचा लावलेला असला तर नीट करून ठेवायचे. एकदा वरून एका मुलाने ओरडून विचारलं, "काका, काय शोधताय?" काका म्हणाले, "तुझ्या मागचं काही दिसत नाही रे!" तो मुलगा घाईघाईने खाली उतरला. त्याला वाटलं, कुणीतरी मागे लागलंय.

आरसाच न लावणारी मुलं हा त्यांचा दुखरा कोपरा. १९८९च्या मोटार वाहन नियमांत आरसा सक्तीचा आहे, हे काका अशा आवाजात सांगतात की नियम करणाऱ्यांत तेही बसले असावेत. पण त्यांचा राग कायद्यापुरता नाही. "दोन्ही आरसे काढून गाडी मोकळी करतात," ते म्हणतात, "आणि भांग पाडायला माझ्या आरशात येतात!" हे खरं आहे. वाडीतला सर्वांत लोकप्रिय आरसा काकांचा उजवा. तो सपाट काचेचा, जुना, जड. पाडव्याच्या शोभायात्रेच्या सकाळी नऊवारी नेसून, फेटे बांधून मोटारसायकलवर निघालेल्या मुली आपापल्या गाड्यांचे आरसे सोडून काकांच्या आरशापुढे रांग लावतात. त्यांच्या गाड्यांचे आरसे फुगीर. त्यात नाक पुढे येतं आणि नथ वाटीएवढी दिसते.

इथे काकांचं व्याख्यान सुरू होतं. सपाट आरसा खरं बोलतो, पण थोडं बोलतो. मागची बस जेवढ्या अंतरावर तेवढ्याच अंतरावर दाखवेल, फक्त बसच दाखवेल. बसच्या कुशीतून निघालेला डिलिव्हरीवाला दाखवणार नाही. बहिर्वक्र आरसा सगळं दाखवतो, पण लहान करून. लहान दिसलं की माणसाला ते लांब वाटतं. "आरशात लांब दिसलं की समजायचं, मानेवर आलंय." हे पटवायला त्यांनी मला धोबीतलावच्या कयानीत नेलं होतं. १९०४ सालापासूनचं ते इराण्याचं हॉटेल. चहा आला, ब्रून मस्का आला. काकांनी चमचा बशीतून उचलला, पुसला, उलटा केला आणि माझ्या नाकासमोर धरला. चमच्याच्या पाठीत अख्खं हॉटेल मावलं होतं. गोल टेबलं, वाकड्या लाकडी खुर्च्या, गल्ल्यावरचा माणूस, दारातून येणारा उजेड आणि तळाशी, सगळ्यांत मोठं, माझं नाक. "आता मागचा वेटर किती लांब आहे, सांग." मी म्हटलं, पंधरा फूट. वेटर माझ्या खांद्यावरून हात घालून रिकामी बशी उचलत होता.

त्या दिवशी मला आरसा कळला. त्यांच्याबरोबर बाजारात जाणं मात्र त्यामुळे सोपं झालं नाही.

ऑपेरा हाउसच्या बाजूला मोटारीच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. तिथल्या गल्ल्यावरच्या माणसांना सवय असते ती 'वस्तू सांगा, पैसे द्या, निघा' अशा गिऱ्हाइकाची. "काका, गाडी कौनसी?" "अ‍ॅक्टिवा." "लेफ्ट की राइट? जोडी देऊ?" "डावा. पण आधी बघू." हे 'आधी बघू' कानावर पडलं की जुना दुकानदार पोराला चहा सांगतो. काका काउंटरवर पाच-सहा आरसे मांडायला लावतात. दांडी पकडून हलवतात. काच आत खुळखुळली तर तो बाद. मागचा गोळा फिरवून बघतात. सहज फिरला तर बाद, कारण खड्ड्यात आपोआप फिरणार. जोर लावून फिरला तरी बाद, कारण तो बायकांना फिरवता येणार नाही. मग उरलेला एक आरसा हातात धरून दुकानाच्या दारात पाठमोरे उभे राहतात आणि रस्त्यावरची रहदारी त्यात बघतात. फुटपाथवरचे लोक थांबून, ते काय बघतायत ते बघतात. शेवटी निकाल येतो: "तसा वाईट नाही."

'तसा वाईट नाही' म्हणजे नको. काकूंच्या हातची नवीन भाजी, सुनेने आणलेले पडदे, मेट्रो ३, सगळ्यांना हेच प्रमाणपत्र मिळालेलं आहे. एका दुकानदाराने एकदा हात जोडून विचारलं, "अंकल, लेना है की देखना है?" काका शांतपणे म्हणाले, "आरसा है. देखने के लिएच होता है."

पण ह्याच बाजारात काकांना मान आहे, आणि तो त्यांनी कमावलेला आहे. लालबागचा एक तरुण वडिलांची आरएक्स शंभर घेऊन आला होता. यामाहाची ही गाडी बंद होऊन तीस वर्षं होत आली, तरी ज्याच्याकडे आहे तो तिला घरच्यासारखी जपतो. उजवा आरसा बसत नव्हता. मेकॅनिक पाना लावून जोर करत होता, तरुण घामाघूम झाला होता. रस्त्याच्या पलीकडून काकांचा आवाज आला, "थांब! उलटे आटे!" सगळा फुटपाथ थांबला. यामाहाच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवला की आवळतो. काकांनी रस्ता ओलांडला, दोन बोटांनी आरसा धरला, डावीकडे फिरवला. तो सरळ आत गेला. मग कारणही सांगितलं. समोरून येणाऱ्या कशाचा धक्का बसला की उजवा आरसा मागे वळतो. सरळ आटे असते तर तसा वळताना आवळत गेला असता आणि दांडी तरी मोडली असती नाहीतर हँडलला झटका बसला असता. उलटे आटे असले की सैल होऊन फिरतो. "माणसाने विचार केलाय त्यामागे," काका म्हणाले. तो तरुण वाकून पाया पडला. अजूनही गणपतीत लालबागला गेलं की तो काकांना रांगेशिवाय दर्शनाचं विचारतो. काका रांगेतच उभे राहतात आणि पुढच्या माणसाच्या गाडीची चौकशी करतात.

एवढं सगळं आरशावरच का, ह्याचं उत्तर काकू देतात. काका नाही देत.

लग्नानंतरची गोष्ट. तेव्हा त्यांच्याकडे चेतक होती. बजाजची चेतक १९७२ साली आली, राणाप्रतापाच्या घोड्याचं नाव घेऊन, आणि पुढे कित्येक वर्षं नंबर लावून तिची वाट बघावी लागे. काकांचा नंबर लग्नाच्या आधी लागायचा तो नंतर लागला. आरसा त्या वेळी स्कूटरला असलाच तर उजवीकडे एक. नसला तरी कुणाचं अडत नसे. पेट्रोलची टाकी सीटखाली. पंपावर दोघांनी उतरायचं, सीट वर करायची, पेट्रोलबरोबर ऑइल घालून घ्यायचं, स्कूटर एका अंगाला कलती करायची, किक मारायची. ताडदेवच्या पंपावर हे सगळं यथासांग झालं. काका बसले, "बसलीस?" म्हणाले आणि निघाले. ऑपेरा हाउसच्या सिग्नलपर्यंत ते मोठ्या आत्याच्या मुलाच्या नोकरीबद्दल बोलत होते. सिग्नलला शेजारचा टॅक्सीवाला म्हणाला, "शेठ, किससे बात करते हो?"

काकू पंपावरच पर्स धरून उभ्या होत्या. काका परत आले तेव्हा पहिलं वाक्य म्हणाले, "आरसा लावला पाहिजे." काकू आजही हे सांगताना पदराने डोळे पुसतात, हसून हसून. "अहो, आरशाने काय होणार? पंपापासून ऑपेरा हाउसपर्यंत मी एकदाही 'हूं' म्हटलं नाही, ते ह्यांच्या लक्षात आलं नाही!"

तेव्हापासून कुठल्याही डाव्या आरशाची काकांची पहिली अट एकच आहे. मागे बसलेलं माणूस दिसलं पाहिजे, निदान खांदा.

स्नोमोबाइलचं एक प्रकरणही ह्यातूनच निघालं. काका-काकू एका सहलीबरोबर गुलमर्गला गेले होते. तिथे बर्फावर फिरवणाऱ्या स्कूटरी असतात, त्याच स्नोमोबाइल. पुढे दोन पट्ट्या, मागे चाकाऐवजी फिरणारा रबरी पट्टा. सगळी सहल फोटो काढत होती, काका हँडल चाचपत होते. "आरसा नाही!" चालवणारा काश्मिरी मुलगा म्हणाला, "चाचा, पीछे सिर्फ बर्फ है." काकांना ते पटलं नाही.

मग मागच्या हिवाळ्यात त्यांच्या कॅनडातल्या भाच्याने जुनी स्नोमोबाइल घेतली आणि घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. मावश्यांनी 'कानटोपी घाल' लिहिलं. मोठ्या काकींनी 'छान, सांभाळून' लिहिलं. आमच्या काकांनी एकच शब्द लिहिला: 'आरसा?'

पुढचे आठ दिवस काका मनाने कॅनडातल्या क्वेबेकमध्ये होते. सकाळी नळाला पाणी यायच्या आधी ते गच्चीवरून भाच्याला फोन लावायचे, तिकडे रात्र असायची. दुपारी मला जमवलेली माहिती सांगायचे. वाल्कूर नावाच्या गावी बोंबार्डिए नावाचा एक यंत्रवेडा माणूस होता. १९३४च्या हिवाळ्यात त्याचं दोन वर्षांचं मूल आजारी पडलं, रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यापर्यंत न्यायला काही साधन नाही, मूल गेलं. तो माणूस बर्फावर चालणाऱ्या गाड्यांमागे लागला, आधी मोठ्या, पुष्कळ माणसं नेणाऱ्या, आणि १९५९ साली एकट्या-दुकट्याने चालवायची छोटी स्की-डू बाजारात आली. हे सांगून काकांनी चष्मा काढून पुसला. थोडा वेळ दोघेही काही बोललो नाही. मग ते म्हणाले, "एवढं सगळं केलं बिचाऱ्याने. आरसा तेवढा राहिला."

तिकडचा आरसा निवडणं म्हणजे निराळंच काम, हे मात्र मान्य करायला हवं. आरसा हँडलवर लावला तर हँडल वळवताना तोही वळतो. पुढच्या टपावर लावला तर जागचा हलत नाही, पण इंजिनाबरोबर थरथरतो आणि मागच्या माणसाची चार माणसं करतो. झाडीतून जाताना फांदी लागते, म्हणून दांडी दुमडणारी हवी. हातात जाडजूड मोजे, त्यामुळे गोळा बोटाने नव्हे, तळव्याने फिरला पाहिजे. काचेवर बर्फ धरतो. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे मागचा पट्टा भुगा उडवत जातो, त्यामुळे मागे बऱ्याचदा पांढऱ्या धुरळ्याशिवाय काही दिसतच नाही. "मग मामा, आरसा कशाला?" भाच्याने विचारलं. "तुम्ही एकटे जाता का?" "नाही, पाच-सहा जण असतो. एकामागे एक." "झालं तर! कुणी मागे राहिलं तर कळायला नको?"

फोनवर काकू मागून म्हणाल्या, "त्याला पंपाची गोष्ट सांगा."

भाच्याने फोन चालू असतानाच दुसऱ्या हाताने आरसा मागवला. दहा मिनिटंही लागली नाहीत. काकांना ते कळलं तेव्हा त्यांचा आवाज पार बसला. "घेतलास? न बघता?" आठवड्याने त्याचा निरोप आला: मामा, थरथरतो. काका बोलले काही नाहीत, पण दोन दिवस वाडीत कुणाशी वाद घातला नाही, एवढे खुशीत होते. ह्या दिवाळीत कॅनडाला फराळाचा डबा गेला त्यात चकली, कडबोळी, अनारसे, पातळ पोह्यांचा चिवडा होता आणि तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून, सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल कापलेला तुकडा. दांडीखाली बसवायला. थरथर शोषून घेतो. काकूंनी बजावलं होतं की चकल्यांना रबराचा वास लागता कामा नये, म्हणून काकांनी तो तीन दिवस गच्चीवर उन्हात ठेवला होता.

इकडे अ‍ॅक्टिवाचा डावा कान तोपर्यंत रिकामाच होता. दसऱ्याला काका पहाटे दादरच्या फुलबाजारातून झेंडू आणि आपट्याची पानं घेऊन आले. गाडी धुतली, हार घातला. काकूंनी उजव्या आरशाच्या वरच्या कडेला हळदकुंकवाचं बोट लावलं, काचेला लागू न देता. इतक्या वर्षांत त्यांना नेमकं ठिकाण माहीत झालंय. डावीकडे नुसत्या भोकाला लावलं. "ह्याचीही पूजा करून ठेवते, म्हणजे तुम्हाला बुद्धी होईल."

बुद्धी तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी झाली. आरसा कुठून आला तर आमच्याच गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मेकॅनिककडून, जो गणपतीच्या दुसऱ्या दिवशी म्हणाला होता, "काका, हा घ्या, दोनशे वीस." तोच आरसा. तेव्हा तो 'तसा वाईट नाही' होता. मेकॅनिकने फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला होता. त्यालाही काका माहीत आहेत.

बसवण्याचा सोहळा बघायला वाडी जमली. चौदाचा पाना, खाली वर्तमानपत्र, काकू मागच्या सीटवर. आरसा हाताने फिरवत आणला, नट आवळला, मग गोळा हलवत हलवत शेवटची जुळवणी. आतल्या कडेला आपलं कोपर चतकोरभर दिसलं पाहिजे, रस्ता काचेच्या मधोमध, वर आभाळ कमी. एका पोराला छत्री देऊन मागे चालत पाठवलं. "अजून मागे... अजून... डावीकडे... आता छत्री उघड!" छत्री दिसली. काकूंचा खांदा दिसला. काका म्हणाले, "हं." हे त्यांचं सर्वोच्च प्रमाणपत्र आहे, मी ते आयुष्यात फार वेळा ऐकलेलं नाही.

आणि मग ते निघाले. ताशी वीसच्या वेगाने, कोपऱ्यावर पोचले आणि वळण्याआधी डावा आरसा बघितला, उजवा बघितला आणि अख्खी मान फिरवून प्रत्यक्ष मागे बघितलं. काकू तिथेच होत्या. काकांची स्कूटर जिथे जोरात पळवून आरशाचं चीज व्हावं अशा जागा मुंबईत उरलेल्याच नाहीत. जेजेचा पूल, पूर्व मुक्तमार्ग, सागरी सेतू, कोस्टल रोड, सगळीकडे दुचाकीला मनाई. सगळी करामत ठाकूरद्वार ते प्रार्थना समाज एवढ्या टापूत. तिथे मागून येणारा माणूस ओळखीचाच असतो आणि आरशात दिसायच्या आधी हाक मारतो.

तर एक विनंती. गिरगावात कधी गाडी लावलीत आणि परत आल्यावर आरसा कुणीतरी हलवलेला दिसला, तर वॉचमनशी भांडू नका. काच पुसलेली असेल तर ते आमचे काका. त्यांनी तो तुमच्यासाठी नीट लावलेला असतो. फक्त ते तो पाच फूट चार इंचांच्या माणसाच्या हिशेबाने लावतात. तुमची उंची वेगळी असली तर निघण्याआधी फिरवून घ्या. आणि मागे कुणी बसणार असेल, तर ते बसलंय का तेही बघा.